मेंढीचा प्रतिकार : सोसणे आणि रोखणे



एकाच माळावर, एकाच पावसात शंभर मेंढरे चरतात. पावसाळा सरता सरता त्यांतील काहींच्या डोळ्यांच्या आतली लाली जाते, जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबू लागते, कळप पुढे गेला की ती मागे रेंगाळतात आणि एखाद्या सकाळी उठतच नाहीत. उरलेली मेंढरे त्याच गवतात तोंड घालून चरत असतात. जंत तर सगळ्यांच्याच पोटात गेलेले असतात. मग काही मरतात आणि काही तरतात, ते कशामुळे? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

कामगार चळवळीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे आपणांपैकी काहींस वाटेल. त्याचे उत्तर साधे आहे. समजा, एकाच खात्यात, एकाच धुळीत दहा माणसे राबतात. त्यांतील तिघांची छाती भरते आणि सात जण टिकतात. अशा वेळी टिकलेल्या सातांकडे बोट दाखवून "दोष धुळीचा नव्हे, त्या तिघांच्या प्रकृतीचा" असे सांगणारा कोणी तरी हटकून निघतो. आता ही प्रकृती म्हणजे काय? ती जन्मतः मिळते की घडवावी लागते? आणि मोडते ती कशाने? माणसांना दावणीला बांधून, मोजून खाऊ घालून याचा निवाडा करता येत नाही. मेंढीच्या बाबतीत तो करता आला, आणि सुमारे शंभर वर्षे चिकाटीने केला गेला. त्या शंभर वर्षांची हकीकत मी आपणांपुढे ठेवणार आहे.

शत्रूची ओळख

मेंढीच्या पोटात अनेक जातींचे जंत राहतात. उष्ण व ओलसर मुलखात त्यांतला सर्वांत घातकी म्हणजे हिमोंकस कॉन्टॉर्टस. मेंढीचे पोट चार कप्प्यांचे असते. त्यांतील चौथ्या कप्प्यात, जेथे आपल्यासारखे आम्लाचे पचन सुरू होते तेथे, हा जंत अस्तराला चिकटून रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटीमीटर लांबीची असते. रक्ताने भरलेले तिचे आतडे तांबडे आणि त्याभोवती पीळ घातलेली अंडनलिका पांढरी. त्यामुळे विलायतेत न्हाव्याच्या दुकानाबाहेर जो तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब असे, त्याचेच नाव इंग्रजी बोलणाऱ्या मेंढपाळांनी या जंताला दिले.

एका जंतापायी दिवसाला एक मिलीलीटरचा सुमारे विसावा भाग रक्त जाते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु पोटात पाच हजार जंत असले, तर रोज पाव लिटर रक्त जाते. आणि चाळीस किलोच्या मेंढीच्या अंगात सारे मिळून रक्त असते अडीच-तीन लिटर! मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांबरोबर रानात पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यांतून चावरी नव्हे, पण चिवट अशी अळी तयार होते, दवाच्या थेंबातून गवताच्या पात्यावर चढते आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जाते. तेथे तीन आठवड्यांत ती पूर्ण वाढून स्वतः अंडी घालू लागते.

या जीवनक्रमातील एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. जंत मेंढीच्या पोटात अंडी घालतो, परंतु तेथे त्याची संख्या वाढत नाही. पोटातील प्रत्येक जंत बाहेरून, गवताबरोबर आलेला असतो. म्हणून एका मेंढीचे जंत हे तिचे एकटीचे दुखणे कधीच नसते. तिने रानात टाकलेली अंडी उद्या तिच्या शेजारणीच्या तोंडी जाणार असतात.

कोकरांनी स्वतःच केलेला उपचार

जनावराच्या अंगी जंतांविरुद्ध काही शक्ती आहे, हे शास्त्राच्या पातळीवर स्पष्ट दिसले ते १९२९ साली. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेत नॉर्मन स्टोल नावाचे शास्त्रज्ञ काम करीत होते. माणसाच्या अंकुशकृमीचा त्यांनी अभ्यास केलेला होता. त्यांनी कोकरांना उघड्या कुरणावर चरू दिले आणि त्यांच्या लेंड्यांतील अंडी नियमाने मोजली. अंड्यांची संख्या वाढत वाढत गेली, आणि मग काही दिवसांतच एकाएकी कोसळली. औषध कोणी दिले नव्हते. कुरणावर अळ्यांचा सुकाळ होता, कोकरे त्या गिळत होती. तरीही पोटातले जुने जंत निघून गेले आणि नवे रुजेनात. या घटनेला स्टोल यांनी स्वयंउपचार व संरक्षण असे नाव दिले.

हे का घडते, याचा पुढचा शोध ऑस्ट्रेलियात लागला. मेंढी हा त्या देशाच्या अर्थव्यवहाराचा कणा. एका मोठ्या मेंढीमालकाच्या, मॅकमास्टर यांच्या, देणगीतून १९३१ साली सिडनी विद्यापीठाच्या आवारात पशुआरोग्याची प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख इयन क्लुनीस रॉस. या माणसाचा मान त्या देशाने इतका राखला की, १९७३ साली निघालेल्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले. जंतांच्या अभ्यासकाचे चित्र चलनी नोटेवर यावे, यावरून मेंढीच्या पोटातील जंतांना तेथे काय महत्त्व होते ते कळते.

या प्रयोगशाळेने दोन मोलाच्या गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मोजमाप. १९३९ साली गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी काचेची एक साधी चौकटी तयार केली. लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कालवून ते पाणी तिच्यात भरावे. अंडी वर तरंगतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी. एक ग्रॅम लेंड्यांत किती अंडी, हा आकडा त्यातून निघतो. मॅकमास्टर चौकटी या नावाने ती आजही जगभर वापरली जाते. तोपर्यंत "ही मेंढी काटक, ती नाजूक" हे नुसते बोलणे होते. आता काटकपणाला आकडा मिळाला.

दुसरी गोष्ट म्हणजे १९३० नंतरच्या दशकात क्लुनीस रॉस आणि गॉर्डन यांनी आहाराकडे वेधलेले लक्ष. पोटभर खाल्लेली मेंढी जंतांना तोंड देते आणि उपाशी मेंढी बळी पडते, हे मेंढपाळांचे म्हणणे त्यांनी प्रयोगाच्या कसोटीला लावून पाहिले. पुढे १९५० नंतर त्याच संस्थेतील स्टुअर्ट यांनी स्वयंउपचाराचे कोडे बरेचसे उलगडले. जुन्या जंतांशी ओळख झालेल्या शरीरात नव्या अळ्यांची लाट आली की, शरीर एकदम चवताळून उठते. जठराचे अस्तर सुजते, रक्तात हिस्टामीन वाढते आणि त्या झटक्यात जुने-नवे दोन्ही बाहेर फेकले जातात. माणसाला एखाद्या पदार्थाचे वावडे असते, त्याच जातीची ही क्रिया. म्हणजे हा प्रतिकार मेंढी शत्रूशी गाठ पडल्यावरच शिकते. परंतु शिकण्याचे वय आणि शिकण्याचे बळ दोन्ही तिच्यापाशी असावे लागते. ब्रिटनमध्ये १९६० नंतर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, चार-पाच महिन्यांच्या आतील कोकरांचे शरीर हा धडा जवळजवळ घेतच नाही. पावसाळ्यात कोकरे आधी का मरतात, ते यावरून कळावे.

औषधाचे युग आणि विस्मरण

हा अभ्यास असाच पुढे जायचा, पण मध्येच बाटलीतले औषध आले.

त्याआधी मेंढ्यांना मोरचुदाचे पाणी, तंबाखूचा अर्क, सोमलाचे क्षार असले जहाल उपाय पाजीत. १९३८ साली अमेरिकेत फिनोथायझिन या रसायनाचा गुण दिसला आणि थोड्याच वर्षांत ते मेंढीच्या देशांत सर्वत्र पोहोचले. १९६१ साली थायबेंडॅझोल आले. ते इतके सुरक्षित आणि इतके परिणामकारक होते की, जंतांचा प्रश्न सुटला असेच लोकांना वाटले. १९८१ साली आयव्हरमेक्टिन बाजारात आले. या औषधाचे जनक सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांतील नदीकाठच्या अंधत्वाला त्या औषधाने मोठा आळा घातला, हा त्याचा उपकार कोणीही विसरू नये.

परंतु मेंढीच्या रानात काय घडले पाहा. फिनोथायझिनला न जुमानणारे जंत १९५७ साली अमेरिकेतील केंटकी संस्थानात आढळले. थायबेंडॅझोलला न जुमानणारे जंत १९६४ साली, म्हणजे औषध निघाल्यापासून तीनच वर्षांत, नोंदले गेले. आयव्हरमेक्टिनचा प्रभाव दक्षिण आफ्रिकेतील काही कळपांत दहा वर्षांच्या आत ओसरला. २००९ साली न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे नव्या वर्गातले औषध आले, आणि २०१३ साली तेथूनच ते निकामी ठरल्याची बातमी आली.

याचे कारण अवघड नाही. लाखो जंतांत एखादा असा असतोच की, ज्याच्यावर औषध चालत नाही. सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजले की बाकीचे मरतात आणि पुढची प्रजा त्या एकट्याची होते. जितक्या वेळा औषध पाजावे, तितकी ही निवड कडक होते. आणि औषध स्वस्त झाले, तेव्हा मेंढीच्या अंगच्या शक्तीकडे पाहण्याची गरज कोणालाच उरली नाही. पैदाशीसाठी मेंढा निवडताना लोकर पाहिली, वजन पाहिले. जंतांपुढे तो कसा टिकतो हे पाहिले नाही, कारण त्याला बाटलीचा आधार होता. जे पारखले जात नाही, ते पिढ्यान्पिढ्या ढिले पडण्याचा धोका असतो.

रक्तातला वाटा

विस्मरणाच्या या काळातही काही माणसे जुना धागा धरून होती. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन व्हिटलॉक यांनी १९५५ आणि १९५८ साली दाखवून दिले की, जंतांचा प्रतिकार काही प्रमाणात बापाकडून लेकरांकडे येतो. एका मेंढ्याची कोकरे दुसऱ्याच्या कोकरांहून उजवी ठरतात. १९६३ साली ऑस्ट्रेलियातील इव्हान्स, ब्लंट आणि साउथकॉट यांनी रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रकाराशी या गुणाचा संबंध जोडला. 'अ' प्रकारच्या मेंढ्या 'ब' प्रकाराच्या मेंढ्यांपेक्षा सरस दिसल्या. पुढे इतर कळपांत तो संबंध तितका पक्का ठरला नाही. या गुणाची किल्ली एका जनुकात नाही, पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा त्यात आहे, हे आता मान्य झाले आहे.

खरा कसोटीचा प्रयोग १९७८ साली सुरू झाला. ऑस्ट्रेलियातील आर्मिडेल येथे राष्ट्रीय संशोधन संस्थेने मेरिनो मेंढ्यांचे कळप वेगळे पाडले. दरवर्षी तरुण जनावरांना ठरावीक अळ्या पाजायच्या आणि अंडी मोजायची. एका कळपात कमी अंडी टाकणाऱ्यांची पैदास, दुसऱ्यात जास्त टाकणाऱ्यांची, तिसऱ्यात कसलीच निवड नाही. पिढ्या उलटल्या तसे कळप एकमेकांपासून स्पष्टपणे दूर गेले. अशा प्रयोगांतून निघालेला हिशेब असा की, मेंढ्या-मेंढ्यांत अंड्यांच्या संख्येचा जो फरक दिसतो, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा ते दोनपंचमांश हिस्सा वारशाने ठरतो. दूध किंवा लोकर यांची निवड करून जात सुधारता येते, तशी ही शक्तीही वाढवता येते.

एक शंका मात्र राहत होती. जंत औषधाला पुरून उरतो, तसाच तो या सबळ मेंढीलाही पुरून उरणार नाही कशावरून? तेही पाहण्यात आले. जंतांच्या चौदा पिढ्या प्रतिकारक्षम मेंढ्यांतूनच वाढवल्या. १९९२ साली निकाल प्रसिद्ध झाला, की जंत त्या मेंढ्यांना सरावले नव्हते. औषध एका जागी घाव घालते. ती जागा बदलली की जंत सुटला. शरीर मात्र अनेक अंगांनी लढते. कधी अळीला रुजूच देत नाही. कधी रुजलेल्या जंताला खुजा ठेवते, आणि खुज्या मादीला अंडी कमी होतात. ग्लासगो येथील मायकेल स्टीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर स्कॉटलंडच्या काळतोंड्या मेंढ्यांत हे नेमके मोजून दाखवले.

इतके ऐकल्यावर "मग प्रकृती ती हीच, रक्तात असते ती" असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु हिशेब पुन्हा पाहा. दोनपंचमांश धरले, तरी तीनपंचमांश उरतेच. ते कोठे जाते?

भूक आणि दूध

१९३५ साली ब्रिटनमधील टेलर यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदली होती. वसंत ऋतूत, मेंढ्या वितात त्या सुमारास, त्यांच्या लेंड्यांतील अंडी भराभर वाढतात. एरवी जंतांना दाबून ठेवणारी प्रौढ, अनुभवी मेंढी नेमकी बाळंतपणात हरते. क्रॉफ्टन यांनी १९५० नंतर याचा पाठपुरावा केला. कोवळी कोकरे गवताला तोंड लावू लागतात त्याच वेळी आयांनी रान अळ्यांनी भरून ठेवलेले असते, अशी ही दुष्ट जुळणी.

आई हरते ती का? १९९० नंतर स्कॉटलंड आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या प्रयोगांनी याचे उत्तर बरेच स्पष्ट केले. प्रतिकाराला लागणारी द्रव्ये, प्रतिपिंडे, जठराच्या अस्तराची डागडुजी, ही सारी प्रथिनांची कामे. दूधही प्रथिनांचेच. आहारात प्रथिने तुटपुंजी असली की शरीराला निवड करावी लागते. कूप आणि किरियाझाकिस यांनी १९९९ साली या निवडीचा क्रम मांडला: आधी जीव जगवणे, मग कोकरू वाढवणे व दूध देणे, आणि जंतांचा प्रतिकार सर्वांत शेवटी. म्हणून जुळी पाजणारी मेंढी एकुलते पाजणारीपेक्षा जास्त अंडी टाकते. आणि म्हणूनच त्याच मेंढीला पेंडीसारखा प्रथिनयुक्त खुराक दिला की, औषधाशिवाय तिची अंडी कमी होतात. ग्लासगोच्या १९८० नंतरच्या प्रयोगांत तर असेही दिसले की, जंत सारखेच रुजले असतानाही कमी प्रथिने खाणारी कोकरे रक्तक्षयाने अधिक खंगली.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. तीच मेंढी, तेच रक्त, तोच वारसा. खुराक मिळाला तर जंतांना रोखते, न मिळाला तर हरते. हरलेल्या मेंढीला नाजूक म्हणून हिणवणे सोपे आहे. पण तिच्या अंगी शक्ती नव्हती असे नाही. ती शक्ती दुधात खर्ची पडली होती. आणि ते दूध कोणी तरी हिशेबात धरून विकलेही होते.

माणसे गेली, मेंढ्या राहिल्या

प्रयोगशाळेत खुराक मोजून देता येतो. पण माणसाचा हात नसेल तेथे हा हिशेब कसा चालतो? त्यासाठी स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात असलेल्या सेंट किल्डा बेटांकडे जावे लागते. तेथील उरलेल्या छत्तीस रहिवाशांना त्यांच्याच विनंतीवरून २९ ऑगस्ट १९३० रोजी मुख्य भूमीवर हलवण्यात आले. १९३२ साली शेजारच्या सोय बेटावरील प्राचीन जातीच्या एकशे सात मेंढ्या आणून हिर्टा या मुख्य बेटावर सोडल्या. तेव्हापासून त्यांना मेंढपाळ नाही, औषध नाही, लांडगाही नाही. १९८५ पासून शास्त्रज्ञ तेथील मेंढी न् मेंढी ओळखून तिची जन्मापासून मरणापर्यंत नोंद ठेवतात.

त्या बेटावर मेंढ्यांची संख्या वाढत जाते, गवत अपुरे पडते, आणि एखाद्या हिवाळ्यात निम्म्याहून अधिक कळप मरून जातो. मेलेल्यांच्या पोटात जंत असतात आणि अंगावर चरबी नसते. फ्रान्सिस गल्लंड यांनी १९९० च्या सुमारास दाखवले, की मूळ कारण उपासमार. पण जंत त्या उपासमारीला धार लावतात, आणि जंतनाशक दिलेली मेंढरे अशा हिवाळ्यात जास्त तग धरतात. आधी आणि अधिक मरतात ती कोकरे आणि नर. माजाच्या दिवसांत झुंजून आणि खाणे सोडून नर हिवाळ्यात रिकामा शिरतो, आणि नराचे संप्रेरकही प्रतिकाराला मारक असते.

२०१० साली याच बेटावरचा आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या माद्यांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर, त्या कडक हिवाळ्यात जास्त जगतात. पण त्यांना कोकरे कमी होतात. ज्यांची प्रतिपिंडे कमी, त्या सुकाळात अधिक वितात आणि दुष्काळात लवकर मरतात. निसर्गाने म्हणूनच सर्वांना एकाच साच्यात घातले नाही. प्रतिकार फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोठे ना कोठे मोजावी लागते.

सोसणे वेगळे, रोखणे वेगळे

येथे दोन शब्दांतला भेद सांगितला पाहिजे. शास्त्रज्ञ रोखणारी मेंढी आणि सोसणारी मेंढी यांत फरक करतात. रोखणारी जंतांना रुजू देत नाही, त्यांची अंडी कमी करते. सोसणारी जंत बाळगूनही हिंडते-फिरते, वजन राखते, दूध देते. मालकाला वरवर पाहता दोघी सारख्याच. किंबहुना सोसणारी त्याला अधिक आवडते, कारण तिची तक्रार नसते. परंतु सोसणारी मेंढी रोज हजारो अंडी रानात टाकत असते, आणि ती तिच्या शेजारणीच्या कोकरांना भोवतात. रोखणारी मेंढी स्वतःबरोबर साऱ्या कळपाचे रान स्वच्छ ठेवते. कामगारांच्या जगात वावरताना सोशिकपणाचे पोवाडे मी पुष्कळ ऐकले आहेत. मेंढीचा इतिहास वाचल्यावर ते पोवाडे कोण गातो, हे पाहण्याची सवय लागते.

कळपातील बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांत असतात, हेही आता ठाऊक झाले आहे. यावर आधारलेली एक साधी युक्ती १९९० नंतर दक्षिण आफ्रिकेत निघाली. डोळ्याच्या खालच्या पापणीचा आतील रंग पाच छटांच्या पत्त्याशी ताडून पाहायचा आणि ज्या मेंढ्या फिक्या तेवढ्यांनाच औषध पाजायचे. पत्त्याचे नाव फामाचा. ही कल्पना सुचलेल्या फाफा मलान यांच्या नावावरून ते आले. औषध वाचते, जंत लवकर निर्ढावत नाहीत, आणि वारंवार फिकी पडणारी मेंढी कोणती ते कळून तिची पैदास थांबवता येते.

तांबडी मसाई आणि आपली दख्खनी

वजनाच्या मोहात हा गुण कसा हरवतो, याचे उदाहरण केनियाचे आहे. मसाई पशुपालकांची तांबडी मेंढी अंगाने बेताची, लोकर नाही, शेपूट चरबीची. १९७० नंतर नैवाशा येथे प्रेस्टन आणि ॲलनबी यांनी तिची मेरिनो वगैरे बाहेरच्या जातींशी तुलना केली, तेव्हा हिमोंकसपुढे ती सर्वांत सरस ठरली. परंतु याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील डॉर्पर ही जाड, लवकर वाढणारी जात सरकारी उत्तेजनाने केनियाभर पसरत होती. मसाई मेंढ्यांवर डॉर्पर मेंढे घातले गेले आणि शुद्ध तांबडी मेंढी शोधावी लागेल, अशी वेळ आली. १९९० नंतर मोंबासाजवळच्या दमट किनाऱ्यावर दोन्ही जाती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. डॉर्परची कोकरे मोठी झाली खरी, पण जगली फार थोडी. कळपाचा एकूण हिशेब मांडला तेव्हा लहानखुरी मसाई कितीतरी पुढे होती. कोरड्या, कमी जंतांच्या भागात मात्र मसाईची ही आघाडी टिकत नाही. म्हणजे एखादी जात सर्वत्र चांगली किंवा सर्वत्र वाईट असे नसते. रान पाहूनच तिची पारख करावी लागते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या पठारावरची दख्खनी मेंढी, जिच्या काळ्या जाड लोकरीचे घोंगडे आपण सर्वांनी पाहिले आहे, ती अवर्षणाच्या मुलखात घडलेली. फलटण-बारामतीकडील धनगर पावसाळा संपल्यावर मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणात खाचरांतून मेंढरे बसवतात आणि मृगाच्या आत परत कोरड्या देशावर येतात. कोकणच्या पावसात मेंढरू टिकत नाही, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. हिमोंकसची अळी ओल्या गवतावर जगते आणि कोरड्या उन्हात मरते, हे ध्यानात घेतले तर या वाटचालीत आरोग्याचे केवढे शहाणपण आहे ते दिसते. एका रानात मुक्काम लांबत नाही, त्यामुळे आपलीच अंडी आपल्याच तोंडी येण्याचा फेराही तुटतो. चराऊ राने कुंपणांत गेली, वाटा अडल्या, की मेंढरे एका जागी कोंडली जातात. आणि कोंडलेल्या कळपाची प्रतिकारशक्ती कितीही चांगली असली तरी तिच्यावरचा भार वाढतच जातो.

फलटण येथेच १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी कृषी संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेत ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने १९९८ पासून एक उपक्रम चालला. त्याची उद्दिष्टे दोन: जास्त कोकरे देणारी आणि जंतांना रोखणारी मेंढी. त्यासाठी बंगालच्या सुंदरबनातील गॅरोल ही चिमुकली मेंढी निवडली गेली. ही जात पाणथळ रानात वाढलेली, जुळी-तिळी देणारी. गंमत अशी की १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजांतून सिडनीला बंगाली मेंढ्या गेल्या होत्या. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो या बहुप्रसव जातीचे जनुक गॅरोलचेच आहे, हे २००२ साली सिद्ध झाले. फलटणच्या चाचण्यांत गॅरोल रक्ताच्या कोकरांच्या लेंड्यांत अंडी कमी आढळली; पण त्यांची वाढ मंद होती, अंग लहान होते. पुढे जुळ्यांचे जनुक तेवढे ठेवून बाकीचे रक्त दख्खनीकडे परत नेले गेले, आणि त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली.

हे काम अभिमानास्पद आहे. पण मघाचा दुधाचा हिशेब आठवला की एक इशारा त्यातूनच निघतो. जुळी देणारी मेंढी घरी आणायची, तर तिचा खुराकही आणावा लागेल. दोन कोकरे पाजणाऱ्या मेंढीला एका कोकराच्या चाऱ्यावर ठेवले, तर ती आपला प्रतिकार विकून दूध देईल, आणि त्या पावसाळ्यात जंत आपले देणे वसूल करतील.

२०१४ साली ऑस्ट्रेलियात हिमोंकसविरुद्ध लसही बाजारात आली. स्कॉटलंडमधील मोरडन संस्थेच्या दीर्घ परिश्रमांचे ते फळ. जंताच्याच आतड्यातील प्रथिने टोचली की मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडे होतात, आणि ते रक्त प्यायलेला जंत खंगतो. परंतु टोचणी हंगामात पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि प्रतिपिंडे घडवायची तीही शेवटी मेंढीलाच.

तात्पर्य, मेंढीचा प्रतिकार पाच गोष्टींनी घडतो: तिचा वारसा, तिचे वय, तिचा आहार, तिच्यावर टाकलेला प्रसूतीचा व दुधाचा बोजा, आणि ज्या रानात तिला चरावे लागते ते रान. औषध या पाचांना मदत करू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. घेऊ दिली की काय होते, ते १९५७ पासून आपण पाहत आलो आहो. या पाचांपैकी मेंढीच्या स्वतःच्या हाती एकही नाही. वारसा मेंढा निवडणाऱ्याच्या हाती, आहार आणि बोजा मालकाच्या हाती, आणि रान तर बहुतेक वेळा सरकारच्या हाती. तेव्हा पुढच्या वेळी पावसाळ्यानंतर मेंढरे मेल्याची बातमी वाचाल, तेव्हा औषध कोणते पाजले एवढेच विचारून थांबू नका. त्यांना खायला काय होते आणि चरायला जागा किती उरली होती, हेही विचारा.